पडद्यावरची कश्मिरा

कश्मिरा गेली त्याला चौदा महिने झाले होते, आणि तिच्या चित्रकथेवरून काढलेला फ्रेंच सिनेमा बहरीनमध्ये अदलिया भागातल्या एका छोट्या फिल्म क्लबात दाखवणार होते. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता. आमंत्रणाचा ईमेल तिच्या वडिलांच्या, सदानंद केळस्करांच्या नावाने आला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बायकोला म्हणाले, "तू जा. मला नाही बघवणार."

"मी एकटी कशी जाऊ?" अरुणाताईंनी विचारलं.

"मयुरेशला सांग. येईल तो."

मयुरेश येईल याबद्दल दोघांनाही शंका नव्हती. कश्मिरा ऑफिसात, सीफ भागातल्या एका टॉवरमधल्या मीटिंगमध्ये बसल्या बसल्या कोसळली होती. मेंदूत रक्तस्राव झाला, दोन दिवसांत खेळ संपला. एकतीस वर्षांची होती. तिला पोचवायला स्मशानात जी दहा-पंधरा माणसं आली, त्यांत एक उंच, किंचित वाकून चालणारा मुलगा होता. "मी मयुरेश. कश्मिराचा मित्र," एवढंच तो म्हणाला होता. त्यानंतर मृत्यूच्या दाखल्यापासून तिचं सीपीआर कार्ड, म्हणजे तिथलं ओळखपत्र, रद्द करण्यापर्यंत सगळी धावपळ त्यानेच केली. अदलियातला तिचा फ्लॅट रिकामा केला, खोकी उचलून केळस्करांच्या घरी आणून दिली. आणि मग तो येतच राहिला. सखीरच्या बाजूला एका साइटवर तो सिव्हिल इंजिनीअर होता, मूळचा नाशिकचा. आठवड्यातून एकदा यायचा, सदानंदांना साखरेच्या तपासणीसाठी हॉस्पिटलला न्यायचा, जेवायला बस म्हटलं की बसायचा. अरुणाताईंना त्याचा आधार वाटायचा. मुलीने काही चांगले मित्र जोडले होते, असं त्या फोनवर ठाण्याच्या बहिणीला सांगायच्या.

कश्मिराने ती चित्रकथा इंग्रजीत काढली होती. आधी तुकड्यातुकड्याने इंटरनेटवर टाकली, मग फ्रान्समधल्या एका छोट्या प्रकाशकाने तिचं पुस्तक केलं. 'फोर्थ फ्लोअर' असं नाव होतं. सिनेमाचा करार झाला तेव्हा ती पेढे घेऊन आली होती. "गोष्ट कशावर आहे?" असं सदानंदांनी विचारलं, तेव्हा "अशीच, एका मुलीची," म्हणून तिने विषय बदलला होता. पुस्तकाची प्रत घरात होती. ती उघडायचं धाडस दोघांनाही झालं नव्हतं.

शनिवारी मयुरेश चार वाजता गाडी घेऊन आला. त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. रस्त्यात तो नेहमीसारखा बोलला नाही. अदलियाच्या गल्लीत गाडी लावायला जागा शोधताना एकदम म्हणाला, "काकू, सिनेमात काही गोष्टी अशा असतील... म्हणजे, फ्रेंच लोक जरा उघडं दाखवतात."

"मी बासष्ट वर्षांची आहे रे," अरुणाताई म्हणाल्या. "मला कळतं."

क्लब म्हणजे एका जुन्या व्हिलाचा तळमजला होता. साठेक खुर्च्या, समोर पडदा. क्लब चालवणारी खदिजा नावाची बहरीनी तरुणी दारात उभी होती. तिने अरुणाताईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि पुढच्या रांगेत जागा दाखवली. अरुणाताई नको म्हणाल्या, मागे कडेला बसल्या. त्यांच्या एकाच डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. पडद्यावर खाली येणारी इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता वाचता पुसून जायची.

"मी सांगत जाईन हळूच," मयुरेश म्हणाला.

सिनेमा सुरू झाला. सगळं फ्रान्समधल्या कुठल्याशा शहरात नेलं होतं. उंच उंच जुन्या इमारती, ट्राम, ओले रस्ते. मुलीचं नाव सामिया होतं, अल्जेरियाहून आलेल्या कुटुंबातली. तिचा चेहरा कश्मिराच्या चेहऱ्यासारखा अजिबात नव्हता. अरुणाताईंना हायसं वाटलं. मग ती मुलगी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या उभ्याच काहीतरी खायला लागली, आणि खाऊन झाल्यावर तिने ओला हात जीन्सला मागच्या बाजूने पुसला. पंधरा वर्षं त्या कश्मिराला त्यावरून ओरडल्या होत्या. या परक्या मुलीला हे कोणी शिकवलं? मग त्यांच्या लक्षात आलं, की कश्मिरानेच ते चित्रात काढून ठेवलं असणार.

"आता काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"खोली भाड्याने द्यायची आहे म्हणते," मयुरेश कुजबुजला. "त्या मुलाला. त्याच्या राहत्या खोलीचं छत गळतं."

मुलाचं नाव अँत्वान होतं. तो एक बॅग घेऊन चौथ्या मजल्यावर राहायला आला, पंधरा दिवसांसाठी म्हणून, आणि राहिला तो राहिलाच. दोघं भांडत होती, हसत होती. शनिवारी बाजारात जाऊन एकच टरबूज दोघांत उचलून आणत होती. मग ती जवळ आली. पडद्यावर जे चाललं होतं ते बघायचं टाळून अरुणाताईंनी मान खाली घातली. शेजारी मयुरेशही आपल्या गुडघ्यांकडे बघत होता.

"काकू, आपण जाऊ या का?"

"बस," त्या म्हणाल्या.

त्यांना राग यायला हवा होता, पण आला नाही. म्हणजे असा कोणीतरी होता तर. त्यांची मुलगी त्या फ्लॅटमध्ये एकटी नव्हती. हे कळल्यावर त्यांना आधी काय वाटलं असेल, तर बरं वाटलं.

मध्यंतरानंतर सामिया आईवडिलांकडे जेवायला गेली. आई वाढत होती, बाप टीव्ही बघत होता. मुलगी उठून आईच्या मागे स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि काहीतरी म्हणाली. आईचे हात कामात होते. मागे न वळता ती एक वाक्य बोलली. मुलगी नुसती उभी राहिली.

"आई काय म्हणाली?"

मयुरेश कुजबुजला, "म्हणते, तुला जे वाटतं ते कर."

अरुणाताईंनी पडद्याकडे पाहिलं. त्या मुलीच्या तोंडावरचं सगळं एकदम विझून गेलं होतं. तुला जे वाटतं ते कर, असं ऐकल्यावर कोणाचं तोंड असं होत नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "असं नाही म्हणाली ती."

"काकू..."

"ती म्हणाली, काही असलं तरी मला सांगू नकोस. मला झेपायचं नाही. हो ना?"

मयुरेश अगदी हळू म्हणाला, "हो."

पाडव्याचा दिवस होता तो. त्या पुरण वाटत होत्या. कश्मिरा मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, आय हॅव टु टेल यू समथिंग." त्याच आठवड्यात पुतणीच्या घटस्फोटाची बातमी आली होती, घरात नवीन काही ऐकायची ताकद नव्हती. अर्धं थट्टेत, अर्धं खरं, त्या ते वाक्य बोलून गेल्या होत्या. कश्मिरा जेवली. दोन पोळ्या डब्यात घालून घेऊन गेली. आपण काय बोललो हे त्या संध्याकाळपर्यंत विसरल्याही होत्या. ती मात्र घरी जाऊन हे काढत बसली असेल. आपला पाठमोरा अंबाडा, वाटणारे हात.

त्यांनी पदराने डोळे टिपले. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला हात लावायचा नव्हता, तरी टिपले.

"आता पुढचं खरं सांग," त्या म्हणाल्या. "गोड करून सांगू नकोस."

पुढे अँत्वान सुट्टीवर गावी गेला. तिथे त्याच्या घरच्यांनी एक मुलगी पाहून ठेवली होती, आणि तो नाही म्हणू शकला नाही. सामियाला त्याने फोनवर मेसेज पाठवून ते कळवलं. परत आला तो सामान न्यायला. इमारतीच्या जिन्यात दोघं समोरासमोर उभी होती, तो दोन पायऱ्या खाली, ती वर.

"ती म्हणते, मेसेज का केलास," मयुरेश सांगायला लागला. "म्हणते, दोन वर्षं माझ्या घरात राहिलास, तोंडाने सांगायला काय झालं होतं."

"आणि तो?"

"तो म्हणतो..." मयुरेश भराभर बोलायला लागला. "तो म्हणतो, मी तुला कधी काही वचन दिलं नव्हतं. आपण एकमेकांचे कोण आहोत, हे आपण कधी ठरवलंच नव्हतं. तूच म्हणायचीस ना, नाव द्यायला नको. आता मी काय करू? आईला काय सांगू? तिला अटॅक येऊन गेलाय."

अरुणाताईंनी पडद्यावर पाहिलं. तो फ्रेंच मुलगा अजून बोलत होता. वाक्यं एकेक करून खाली उमटत होती, आणि मयुरेशचं सांगून झालं होतं. त्यांनी वळून शेजारी पाहिलं. मयुरेश पडद्याकडे बघत नव्हता. त्याची मान खाली होती, डोळे मिटलेले होते.

त्या पुन्हा समोर बघायला लागल्या. पुढे काही विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

सिनेमाच्या शेवटी तो मुलगा परत आला. लग्न मोडून, पावसात भिजत, इमारतीखाली उभा राहून त्याने बेल दाबली. वर सामियाने दाराचं बटण दाबलं आणि दार उघडल्याचा आवाज आला. तिथेच संपलं. दिवे लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, पुढच्या रांगेतली एक मुलगी हसत हसत रडत होती.

खदिजा माइक घेऊन आली. लेखिकेच्या आई आपल्यात आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत, असं म्हणाली. अरुणाताई उठल्या. इंग्रजीत बोलायचं होतं. "माझी मुलगी लहानपणापासून चित्रं काढायची," त्या म्हणाल्या. "हे पुस्तक मी वाचलेलं नाही. मला भीती वाटत होती." एवढं बोलून त्यांनी माइक परत दिला. लोक पुन्हा टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा त्यांना कळेना की कशासाठी.

बाहेर अजून थोडा उजेड होता. गाडीत बसल्यावर मयुरेशने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

"शेवट खरा होता?" अरुणाताईंनी विचारलं.

"नाही. सिनेमावाल्यांनी बदलला. पुस्तकात तो परत येत नाही."

"मग पुस्तकात काय होतं?"

"शेवटच्या पानावर ती दाराची बिघडलेली बेल दुरुस्त करून घेते. एवढंच. खाली काही लिहिलेलं नाही."

"म्हणजे ती वाट बघत होती."

"हो."

"आणि तू ते वाचलं होतंस."

"छापून आलं तेव्हाच वाचलं." मयुरेशने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते. "साखरपुडा चार महिन्यांत मोडला काकू. मीच मोडला. श्रेयाला, त्या मुलीला, मी सगळं सांगितलं. ती चिडली नाही, उलट म्हणाली, मग जा ना तिच्याकडे."

"मग का नाही गेलास?"

"लाज वाटली. म्हटलं, थोडे दिवस जाऊ देत. मग सहा महिने गेले. मग वर्ष गेलं. एकदा सीफच्या मॉलमध्ये ती दिसली होती. एकटीच होती, कागदी पिशवी होती हातात. मी खांबाच्या आड झालो. बेटाची लांबी ती केवढी काकू. अर्ध्या तासाचा रस्ता होता. रोज म्हणायचो, या वीकेंडला जाऊ."

अरुणाताई समोरच्या काचेतून बघत राहिल्या. एक कुटुंब रेस्टॉरंटमध्ये शिरत होतं, लहान मुलगी बापाच्या खांद्यावर होती.

"आमच्याकडे का येत होतास तू?"

"मला दुसरीकडे कुठे जाता येत नव्हतं," तो म्हणाला.

त्याचं रडणं आवाजाशिवाय होतं. अरुणाताईंना त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, आणि त्याच वेळी त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. दोन्हींपैकी काहीच त्यांनी केलं नाही.

"जे मोडलंस ते ती असताना तिला येऊन सांगायचं होतंस," त्या म्हणाल्या. "आता चल, घरी सोड मला."

इमारतीपाशी उतरताना त्यांनी गाडीचं दार धरून ठेवलं. "तू आता येऊ नकोस मयुरेश. ह्यांना मी सांगीन."

"बरं काकू," तो म्हणाला.

सदानंद दिवाणखान्यात बसून होते, बातम्यांचा आवाज बंद करून. अरुणाताईंनी चप्पल काढली, पाणी प्यायल्या आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फ्लॅट, दोन वर्षं, जिना, मॉलमधला खांब. पाडव्याचं वाक्यही सांगितलं. ते सांगायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

"मी त्याला येऊ नको म्हटलं," त्या शेवटी म्हणाल्या.

"मग मंगळवारी मला हॉस्पिटलला कोण नेणार?" सदानंदांनी विचारलं.

अरुणाताई बघतच राहिल्या. पण ते वाक्य पुरं होता होताच सदानंदांचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि मुलगी गेल्यापासून जो माणूस कोणासमोर रडला नव्हता, तो खुर्चीच्या हातावर डोकं टेकून मोठ्याने रडायला लागला. "मला तो आवडायचा गं," ते म्हणत होते. "मी मनात म्हणायचो, असा जावई मिळाला असता तर."

मयुरेश खरंच आला नाही. मंगळवारी ते टॅक्सीने गेले. आजूबाजूच्या मराठी मंडळींनी विचारलं, तेव्हा त्याची साइटवरची शिफ्ट बदलली असं अरुणाताईंनी सांगितलं.

मे महिन्यात सदानंद निवृत्त झाले. कंपनीने व्हिसा रद्द करण्यासाठी जूनअखेरची मुदत दिली. तेहेतीस वर्षांचा संसार खोक्यांत भरायला घेतला आणि त्या धांदलीत एका सकाळी अरुणाताईंनी आपणहून मयुरेशला फोन केला. "आम्ही कायमचे ठाण्याला चाललो," त्या म्हणाल्या. "जाण्याआधी मला तुझ्याशी बोलायचंय. उद्या अकरा वाजता वेळ आहे का?"

अदलियातल्या एका कॅफेत ते भेटले. बाहेर ऊन पेटलं होतं, आत चार टेबलं रिकामी होती. मयुरेश वाळला होता. तो माफी मागायला लागला, तेव्हा अरुणाताईंनी हाताने त्याला थांबवलं.

"ते राहू दे. माफ करायला मी आलेले नाही, आणि भांडायलाही नाही. त्या दोन वर्षांतली कश्मिरा मला माहीत नाही. तुला माहीत आहे. ती सांग मला."

"काय सांगू?"

"काहीही. सकाळी उठल्यावर काय करायची?"

मयुरेश म्हणाला, "चहा करायची आणि प्यायला विसरायची. घरभर कप असायचे, अर्धे. एक बाथरूममध्ये, एक बाल्कनीत."

"पुढे?"

"बाल्कनीत एक मांजर यायचं. तिने त्याचं नाव महादेव ठेवलं होतं. त्याच्याशी भांडायची, तू काल का आला नाहीस म्हणून."

अरुणाताई ऐकत राहिल्या. त्याने सांगितलं, की ती गाडी चालवताना भयंकर बेसूर गायची. रागावली की फरशी पुसायला घ्यायची. एकदा त्याला ताप आला तर रात्रपाळीच्या नर्ससारखी तासातासाला कागदावर ताप लिहून ठेवत होती, आणि कडेला थर्मामीटरचं रडकं चित्र. पुरणपोळी करायचा प्रयत्न तिने तीनदा केला, तीनही वेळा पुरण पातळ झालं. आईला विचार की, असं तो म्हणाला, तर म्हणाली, "विचारलं तर कशासाठी ते सांगावं लागेल."

इथे तो थांबला. अरुणाताईंनी पाण्याचा घोट घेतला. "सांग," त्या म्हणाल्या.

"झोपेत मराठी बोलायची ती," मयुरेश म्हणाला. "जागेपणी माझ्याशी सगळं इंग्रजीत. झोपेत मात्र अगदी तुमच्यासारखी, हेल काढून. एकदा म्हणत होती, अगं थांब ना, मी पण येते."

"कोणाला म्हणत होती?"

"माहीत नाही काकू. सकाळी विचारलं तर तिला आठवत नव्हतं."

दोन वाजून गेले. टॅक्सीवाल्याचा फोन आला, तशा अरुणाताई उठल्या. मयुरेशही उठला. "ठाण्याला कधी आलो तर..." त्याने सुरुवात केली.

"नको," अरुणाताई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "तू लग्न कर. कोणाशी तरी नीट तोंडाने बोल आणि कर. पण आमच्याकडे येऊ नकोस. तू दारात दिसलास, की ती मागून येतेय असं मला वाटत राहील."

त्याने मान हलवली. वाकून नमस्कार करायला गेला, तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

घरी सदानंद खोक्यांवर चिकटपट्टी लावत बसले होते. "काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

अरुणाताई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या, पाठीला एक भरलेलं खोकं घेतलं, आणि चहाच्या अर्ध्या कपांपासून सांगायला सुरुवात केली. सदानंदांनी चिकटपट्टी खाली ठेवली. मांजराचं नाव ऐकून ते हसले, आणि हसता हसता मध्येच थांबून "मग?" म्हणाले. त्या सांगत गेल्या. दुपार उतरली, उन्हाचा पट्टा भिंतीवरून खाली आला, खोकी तशीच अर्धी उघडी राहिली. सांगण्यासारखं सगळं संपलं, तेव्हा सदानंद म्हणाले, "त्या पुरणाचं परत एकदा सांग."

त्यांनी परत सांगितलं.